टर्बोभरित एंजिन : दंतचक्र बदलाचा बिंदू व परिभ्रमण मर्यादा

वाहनाचा वेग वाढत असताना एंजिनाचा परिभ्रमण वेग ज्या मूल्याला पोहोचला असता खालचे दंतचक्र (गिअर) सोडून त्याच्या वरचे घेणे सर्वांत लाभदायक ठरते, त्या मूल्याला दंतचक्र बदलाचा बिंदू म्हणतात. ज्या परिभ्रमण वेगापलीकडे एंजिन चालविल्यास त्याच्या भागांना इजा होण्याचा संभव असतो, त्याला परिभ्रमण मर्यादा म्हणतात. दोन्ही वेग प्रतिमिनिट फेऱ्यांत (यापुढे फे. प्र. मि.) सांगतात. वाहनाच्या वेगदर्शक फलकावर परिभ्रमण मर्यादा तांबड्या पट्ट्याने दाखविलेली असल्यामुळे तोच दंतचक्र बदलाचा योग्य बिंदू होय, असा सर्वसाधारण समज असतो. तो बरोबर नाही. दंतचक्र बदलाचा बिंदू एंजिनाच्या शक्तिवक्रावरून व दंतचक्रपेटीतील गुणोत्तरांवरून ठरतो, तर परिभ्रमण मर्यादा एंजिनाच्या सर्वांत दुबळ्या भागाच्या बलावरून ठरते. मूळच्या एंजिनात निर्मात्याने या दोहोंचा मेळ घातलेला असतो. टर्बोभरित एंजिनात फेरबदल केले म्हणजे हा मेळ मोडतो आणि दोन्ही मूल्ये नव्याने काढावी लागतात.

इतिहास : निष्कास वायूंमधील वाया जाणारी ऊर्जा वापरून टरबाइन फिरवावयाचे व त्याच दंडावरील संपीडकाने सिलिंडरात अधिक हवा भरावयाची, ही कल्पना आल्फ्रेट ब्यूखी या स्विस अभियंत्यांनी मांडली व १९०५ मध्ये तिचे एकस्व (पेटंट) घेतले. जहाजांवरील व रेल्वेच्या डीझेल एंजिनांत तसेच विमानांच्या एंजिनांत तिचा उपयोग झाला. प्रवासी मोटारगाडीत टर्बोभरक प्रथम १९६२ मध्ये अमेरिकेत बसविण्यात आले. भारतीय रेल्वेवर १९६० नंतरच्या दशकात आलेल्या डब्ल्यूडीएम-२ या डीझेल-विद्युत् एंजिनातही १६ सिलिंडरांचे टर्बोभरित एंजिन होते. पुणे येथे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्स (नंतरचे नाव कमिन्स इंडिया) या कंपनीमुळे मोठ्या डीझेल एंजिनांचे उत्पादन महाराष्ट्रात रुजले. पेट्रोलवर चालणाऱ्या टर्बोभरित मोटारगाड्या मात्र भारतात एकविसाव्या शतकातच प्रचारात आल्या. चाकण (जि. पुणे) येथील फोक्सवॅगनच्या कारखान्यात २००९ पासून उत्पादन सुरू झाले. तेथे तयार झालेली पोलो ही छोटी मोटारगाडी २०१३ पासून टर्बोभरित पेट्रोल एंजिनासह मिळू लागली आणि २०२० पासून तिच्यात १ लिटर घनफळाचे तीन सिलिंडरी टर्बोभरित एंजिन बसविण्यात आले. २०२२ मध्ये भारतातील पोलोचे उत्पादन थांबले. हाताने दंतचक्र बदलण्याची सोय आणि सुधारणेला असलेला वाव यांमुळे हौशी चालकांत अशा गाड्यांच्या एंजिनांत फेरबदल करण्याची प्रथा वाढली.

तत्त्व : एंजिनाच्या दंडावर पीळ देणाऱ्या परिबलाला परिपीडन (टॉर्क) म्हणतात व ते न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. परिपीडन व परिभ्रमण वेग यांच्या गुणाकाराला ९,५४९ ने भागले असता किलोवॉटमध्ये शक्ती मिळते. वाहनाला पुढे ढकलणारी प्रेरणा चाकांवर मिळते. ती एंजिनाचे परिपीडन, दंतचक्राचे गुणोत्तर, अंतिम चालनाचे गुणोत्तर व चाकाची त्रिज्या यांवर अवलंबून असते. खालच्या दंतचक्रात गुणोत्तर मोठे असल्यामुळे तेवढ्याच परिपीडनाने चाकांवर अधिक प्रेरणा मिळते, परंतु एंजिनाला अधिक वेगाने फिरावे लागते.

यावरून पहिला नियम असा निघतो : खालच्या दंतचक्रात चाकांवर मिळणारी प्रेरणा ज्या क्षणी वरच्या दंतचक्रात मिळू शकणाऱ्या प्रेरणेइतकी होते, तो क्षण बदलाचा होय. त्यापूर्वी बदल केल्यास मिळणारी प्रेरणा हातची जाते व त्यानंतर केल्यास कमी प्रेरणेवर वाहन रेंगाळते. एखाद्या क्षणी वाहनाचा वेग दोन्ही दंतचक्रांना समान असतो आणि प्रेरणा व वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. म्हणून हाच नियम अधिक सोप्या रीतीने असा मांडता येतो : बदलापूर्वीच्या परिभ्रमण वेगाला एंजिनाची जी शक्ती असेल तेवढीच शक्ती बदलानंतरच्या परिभ्रमण वेगाला असावी. याचा अर्थ, योग्य बिंदू महत्तम शक्तीच्या वेगापलीकडे असतो आणि बदलानंतरचा वेग महत्तम शक्तीच्या वेगाअलीकडे पडतो. महत्तम परिपीडनाच्या वेगाला दंतचक्र बदलावे, हा प्रचलित सल्ला महत्तम प्रवेगासाठी चुकीचा ठरतो. परिभ्रमण मर्यादेपर्यंत शक्ती वाढतच असेल, तर योग्य बिंदू मर्यादेवरच येतो.

उदाहरण : कोष्टक क्र. १ मध्ये १ लिटर घनफळाच्या टर्बोभरित पेट्रोल एंजिनाच्या तीन अवस्था दाखविल्या आहेत. ‘अ’ ही मूळ अवस्था असून तिची मूल्ये १७५ न्यूटन-मीटर परिपीडन व सु. ८१ किवॉ. (११० अश्वशक्ती) शक्ती असलेल्या या वर्गातील एंजिनाला धरून घेतली आहेत. ‘आ’ मध्ये मूळचाच लहान टर्बोभरक ठेवून नियंत्रकात बदल करून अतिभारण दाब वाढविला आहे. ‘इ’ मध्ये मोठा टर्बोभरक बसविला आहे. ‘आ’ व ‘इ’ मधील मूल्ये विवेचनासाठी गृहीत धरलेली आहेत.

कोष्टक क्र. १. परिभ्रमण वेगानुसार परिपीडन (न्यूटन-मीटर) व कंसात शक्ती (किवॉ.)

| फे. प्र. मि. | अ | आ | इ |
|---|---|---|---|
| ३,००० | १७५ (५५) | २३० (७२) | १५० (४७) |
| ३,५०० | १७५ (६४) | २३० (८४) | १९० (७०) |
| ४,००० | १७५ (७३) | २२० (९२) | २२५ (९४) |
| ४,५०० | १६५ (७८) | २०४ (९६) | २३५ (१११) |
| ५,००० | १५५ (८१) | १८४ (९६) | २३२ (१२१) |
| ५,५०० | १४१ (८१) | १६२ (९३) | २२४ (१२९) |
| ६,००० | १२० (७५) | १३४ (८४) | २१२ (१३३) |
| ६,५०० | १०० (६८) | १०८ (७४) | १९४ (१३२) |

दंतचक्रपेटीतील पहिली चार गुणोत्तरे अनुक्रमे ३.५०, २.००, १.४० व १.०५ मानली, तर पहिल्यातून दुसऱ्यात जाताना एंजिनाचा वेग मूळच्या ०.५७ पट, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना ०.७० पट व तिसऱ्यातून चौथ्यात जाताना ०.७५ पट होतो. बदलापूर्वीची व नंतरची शक्ती समान येईल असा वेग आलेखावरून काढला असता कोष्टक क्र. २ मधील मूल्ये मिळतात. परिभ्रमण मर्यादा तिन्ही अवस्थांत ६,५०० फे. प्र. मि. धरली आहे.

कोष्टक क्र. २. दंतचक्र बदलाचे बिंदू (फे. प्र. मि., सुमारे)

| बदल | अ | आ | इ |
|---|---|---|---|
| पहिल्यातून दुसऱ्यात | ६,५०० | ६,०५० | ६,५०० (मर्यादा) |
| दुसऱ्यातून तिसऱ्यात | ६,००० | ५,६०० | ६,५०० (मर्यादा) |
| तिसऱ्यातून चौथ्यात | ५,८५० | ५,५०० | ६,५०० (मर्यादा) |

या कोष्टकावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, बदलाचा बिंदू प्रत्येक दंतचक्राला वेगळा असतो. दोन दंतचक्रांच्या गुणोत्तरांत अंतर जितके जास्त तितका तो वर सरकतो. दुसरी अशी की, फेरबदल केलेल्या एंजिनात तो नेहमी वर सरकतो असे नाही. ‘आ’ मध्ये शक्ती सु. १५ किवॉ. ने वाढूनही बिंदू खाली आला आहे, कारण लहान टर्बोभरक मधल्या वेगांना भरपूर हवा देतो, पण वरच्या वेगांना त्याची क्षमता संपते. अशा गाडीत चालकाने तिसरे दंतचक्र ६,५०० फे. प्र. मि. पर्यंत ताणले, तर त्या क्षणी त्याला ७४ किवॉ. शक्ती मिळते; चौथ्या दंतचक्रात त्याच क्षणी सु. ९६ किवॉ. मिळाली असती. एंजिनाचा आवाज वाढतो, ओढ मात्र जवळजवळ एकचतुर्थांशाने घटते. तिसरी गोष्ट अशी की, ‘इ’ मध्ये जुन्या सवयीने लवकर बदल केल्यास मोठे नुकसान होते. दुसरे दंतचक्र ४,५०० ला सोडल्यास एंजिन ३,१५० वर येते. तेथे मोठा टर्बोभरक पुरेसा फिरत नसल्यामुळे शक्ती १११ वरून सु. ५३ किवॉ. वर, म्हणजे निम्म्याहून खाली पडते.

टर्बोभरणामुळे येणारे विशेष : वरील गणित स्थिर अवस्थेतील वक्रावर आधारलेले आहे. प्रत्यक्षात दंतचक्र बदलताना प्रवेगक (ॲक्सिलरेटर) सोडला जातो, निष्कास वायूंचा प्रवाह तुटतो व टर्बोभरकाचा दाब खाली येतो. वरच्या दंतचक्रात तो पुन्हा साठेपर्यंत काही काळ जातो. त्यामुळे मोठ्या टर्बोभरकात योग्य बिंदू गणिताने आलेल्या मूल्यापेक्षा किंचित वर असतो. याउलट, हवा संपीडित झाल्याने तापते व पुन:पुन्हा पूर्ण जोर लावल्यास संपीडकानंतरचा शीतक (इंटरकूलर) ती पुरेशी थंड करू शकत नाही. अशा वेळी नियंत्रक ठोके (नॉकिंग) टाळण्यासाठी प्रज्वलन उशिरा करतो, वरच्या वेगांची शक्ती घटते व योग्य बिंदू खाली येतो. म्हणून एकाच थंड चाचणीवरून काढलेला बिंदू उन्हाळ्यातील दीर्घ चालनाला लागू पडेलच असे नाही.

प्रवेगक एकदम मिटला असता संपीडकापुढील हवेला वाट राहत नाही व ती उलट्या दिशेने उसळते. ही उसळी टर्बोभरकाच्या धारव्यांना घातक असल्याने हवा बाहेर किंवा संपीडकाच्या तोंडाशी परत सोडणारी झडप योजतात. दाब वाढविल्यावर मूळची झडप पुरते की नाही, हे पाहणे आवश्यक असते.

परिभ्रमण मर्यादा : एंजिनाच्या वेगावर मर्यादा घालणाऱ्या गोष्टी अनेक असून त्यांतील सर्वांत खालची मर्यादा हीच एंजिनाची मर्यादा होय.

(१) निरूढी प्रेरणा : दट्ट्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा थांबतो व दोनदा वेग घेतो. त्याला थांबविण्यासाठी लागणारी प्रेरणा परिभ्रमण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दट्ट्या, त्याची खीळ व संयोगदांड्याचा वरचा भाग मिळून वस्तुमान ०.५ किग्रॅ. व धाव ७६ मिमी. मानली, तर ६,५०० फे. प्र. मि. ला धावेच्या वरच्या टोकाशी ही प्रेरणा सु. ११,३०० न्यूटन व ७,००० ला सु. १३,१०० न्यूटन येते. वेग ८ टक्क्यांनी वाढला, तर भार १६ टक्क्यांनी वाढतो. निष्कास धावेच्या शेवटी दट्ट्यावर वायूचा दाब अत्यल्प असल्याने हा सर्व भार ताणाच्या रूपाने संयोगदांडा व त्याच्या खालच्या टोकाचे बोल्ट यांवर येतो. वारंवार येणाऱ्या अशा ताणाने धातू शिणतो व बोल्ट तुटल्यास संयोगदांडा एंजिनाचे कवच फोडून बाहेर येतो.

(२) वायूचा दाब : अतिभारण दाब वाढविल्यामुळे येणारा भार यापेक्षा वेगळा आहे. तो ज्वलनाच्या वेळी संयोगदांड्याला दाबतो व वाकवू पाहतो. परिपीडन महत्तम असते अशा मधल्या वेगांना तो सर्वाधिक असतो. त्यामुळे केवळ परिभ्रमण मर्यादा तीच ठेवली म्हणून वाढविलेल्या दाबाचे एंजिन सुरक्षित राहते असे नाही. कमी वेगाला व वरच्या दंतचक्रात प्रवेगक पूर्ण दाबल्यास लहान टर्बोभरित एंजिनांत ठिणगीपूर्वीच मिश्रण पेटण्याचा धोकाही असतो. म्हणून अशा एंजिनाला वरच्याप्रमाणे खालचीही मर्यादा असते.

(३) झडपांची हालचाल : ठराविक वेगापलीकडे स्प्रिंगेला झडप कॅमच्या पाठीवर टेकवून ठेवता येत नाही व झडप तरंगते. टर्बोभरित एंजिनात अंतर्गम झडपेच्या पाठीवर वाढीव दाबाची हवा असते. झडपेचा व्यास २८ मिमी. असल्यास दर १ बार जादा दाबामागे सु. ६२ न्यूटन प्रेरणा झडप उघडण्याच्या दिशेने लागते. निर्गम झडपेवरही टरबाइनापूर्वीचा कोंडलेला दाब असाच कार्य करतो. दाब वाढविल्यावर स्प्रिंगा बदलल्या नाहीत, तर झडप तरंगण्याचा वेग मूळच्यापेक्षा खाली येतो. एंजिनाची शक्ती वाढली असता त्याची परिभ्रमण मर्यादाही वाढली असे गृहीत धरणे चुकीचे का, हे यावरून लक्षात येते.

(४) टर्बोभरकाचा स्वत:चा वेग : लहान टर्बोभरकाचा दंड दर मिनिटास दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो. एंजिन अधिक वेगाने फिरून अधिक हवा मागू लागले, की संपीडक त्याच्या क्षमतेच्या टोकाला पोहोचतो, हवा केवळ तापते आणि दंड अतिवेगाने फिरू लागतो.

(५) इंधन व वंगण : इंधनाचा पुरवठा वरच्या वेगांना अपुरा पडल्यास मिश्रण विरळ होते, निष्कास वायूंचे तापमान वाढते आणि दट्ट्याचा माथा किंवा टरबाइनाची पाती वितळू शकतात. वाढलेल्या वेगाला धारव्यांतील तेलाचा दाब टिकतो की नाही, हेही तपासावे लागते.

सर्व मर्यादांतील सर्वांत खालची निश्चित केल्यावर तिच्या अलीकडे काही अंतर राखतात. कारण पहिल्या दंतचक्रात एंजिनाचा वेग सेकंदाला २,००० फे. प्र. मि. या दराने चढत असला व चालकाच्या कृतीला पाव सेकंद लागला, तर तेवढ्यात ५०० फे. प्र. मि. ची भर पडते. म्हणून दंतचक्र बदलाची सूचना देणारा दिवा खालच्या दंतचक्रांत अधिक लवकर लागेल अशी योजना करतात. मर्यादा गाठताच इलेक्ट्रॉनीय नियंत्रक इंधन किंवा ठिणगी तोडतो. टर्बोभरित एंजिनात केवळ ठिणगी तोडल्यास न जळलेले मिश्रण तप्त निष्कास नळीत जाऊन पेटते व टरबाइनाला आणि उत्प्रेरक परिवर्तकाला इजा करते. त्यामुळे सर्व सिलिंडरांचे इंधन एकाच वेळी तोडण्याची पद्धत अधिक सुरक्षित समजतात.

मापनपद्धती : योग्य बिंदू काढण्यासाठी प्रथम चाकांवरील परिपीडनाचा वक्र चासी-शक्तिमापकावर मिळवितात. वाहनाची चालक चाके रुळांवर ठेवून, एकाच दंतचक्रात खालच्या वेगापासून मर्यादेपर्यंत पूर्ण जोराने एंजिन चालवितात. इंधन-हवेचे प्रमाण, अतिभारण दाब, अंतर्गत हवेचे व निष्कास वायूंचे तापमान आणि ठोके यांची नोंद त्याच वेळी घेतात. चाचणी किमान तीन वेळा करून तिसऱ्या, म्हणजे तापलेल्या अवस्थेतील वक्राला महत्त्व देतात. मग प्रत्येक दंतचक्रासाठी वाहनाचा वेग व चाकांवरील प्रेरणा यांचा वक्र एकाच आलेखावर काढतात. लागोपाठचे दोन वक्र जेथे छेदतात तो बदलाचा बिंदू. छेद मिळालाच नाही, तर मर्यादा हाच बिंदू मानतात.

शक्तिमापक उपलब्ध नसल्यास बंदिस्त धावपट्टीवर वेग व काळ यांची इलेक्ट्रॉनीय नोंद घेऊन प्रत्येक दंतचक्रातील प्रवेग काढता येतो. या रीतीत दंडाची व प्रचक्राची निरूढी आणि हवेचा रोध यांचा परिणाम आपोआप धरला जातो. नोंद मात्र सपाट जागी व दोन्ही दिशांनी घ्यावी लागते. मोटारवाहनांच्या शास्त्रीय चाचण्यांसाठी १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय) ही संस्था पुणे येथे असून तेथे एंजिने व वाहने यांच्या प्रमाणित चाचण्या होतात.

मावळातील रस्ते व घाट : पुणे-लोणावळा लोहमार्गावरील घोरावाडी हे बेगडेवाडी व तळेगाव यांच्या दरम्यानचे छोटे स्थानक आहे. त्याच्या जवळून जुना मुंबई-पुणे रस्ता जातो. तळेगावहून एक रस्ता चाकणच्या औद्योगिक क्षेत्राकडे व दुसरा वडगाव, कामशेत, लोणावळा असा बोर घाटाकडे जातो. घोरावाडी ते लोणावळा हा भाग बराचसा सपाट असून घाटात मात्र रस्ता थोड्या अंतरात काही शे मीटर उतरतो. टर्बोभरित एंजिनाच्या दृष्टीने या एकाच वाटेवर तीन वेगवेगळ्या परिस्थिती आढळतात.

पहिली उंचीची. लोणावळा समुद्रसपाटीपासून सु. ६२० मी. उंचीवर असल्याने तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सु. ७ टक्के कमी असतो. सिलिंडराकडे २ बार निरपेक्ष दाबाची हवा पाठवावयाची, तर समुद्रसपाटीला संपीडकाने दाब १.९७ पट करणे पुरते. लोणावळ्याला तो २.१३ पट करावा लागतो. टर्बोभरक तेवढी शक्ती टिकवून धरतो, पण त्यासाठी त्याचा दंड अधिक वेगाने फिरतो. मुंबईत अगदी टोकापर्यंत ताणून जुळविलेल्या एंजिनाचा टर्बोभरक घाटमाथ्यावर मर्यादेबाहेर जाऊ शकतो तो यामुळे.

दुसरी चढाची. १,२५० किग्रॅ. वस्तुमानाची गाडी २० मीटरला १ मीटर चढाच्या रस्त्यावर ताशी ६० किमी. वेगाने चढविण्यास सु. १५ किवॉ. शक्ती पुरते. वर दिलेल्या ‘अ’ एंजिनाला ही शक्ती ३,००० फे. प्र. मि. ला, पूर्ण जोर न लावता सहज देता येते. म्हणजे घाट चढण्यासाठी एंजिन मर्यादेपर्यंत ताणण्याची गरज नसते. टर्बोभरक ज्या वेगाला पुरेसा दाब देऊ लागतो त्याच्या किंचित वर एंजिन राहील असे दंतचक्र निवडणे इष्ट असते. महत्तम प्रवेगाचा बिंदू हा शर्यतीचा बिंदू होय. काटकसरीचा व घाटातील बिंदू त्याच्या बराच खाली असतो.

तिसरी आणि सर्वांत धोक्याची परिस्थिती उताराची. उतरताना खालचे दंतचक्र घेऊन एंजिनाचा रोध गतिरोधकासारखा वापरणे ही घाटातील योग्य रीत आहे. परंतु या वेळी एंजिन इंधनाने नव्हे, तर चाकांकडून फिरविले जाते. इंधन तोडणारी मर्यादा-योजना येथे निरुपयोगी ठरते. तिसऱ्या दंतचक्रात एंजिन ५,५०० वर असताना चौथ्याऐवजी चुकून दुसरे पडले, तर क्लच सोडताच एंजिन सु. ७,८५० फे. प्र. मि. ला ओढले जाते व निरूढी प्रेरणा ६,५०० च्या मानाने जवळजवळ दीडपट होते. झडपा दट्ट्यावर आदळणे व संयोगदांडा तुटणे हे याचे परिणाम होत. एंजिन अडकून चालक चाके अकस्मात थबकल्यास वळणावर गाडीवरील ताबा सुटतो. संगणक-नियंत्रित दंतचक्रपेटीत असा बदल नाकारला जातो. हाताने चालविण्याच्या पेटीत चालकाची दक्षता हाच उपाय उरतो. म्हणूनच परिभ्रमण मर्यादा ठरविताना अशा एखाद्या चुकीला थोडा वाव राहील असे अंतर राखणे हे शहाणपणाचे असते.

कायदेशीर बाजू : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा फेरबदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात याच तत्त्वाचा पुनरुच्चार केला. उत्सर्जनाचे प्रमाण वाढविणारा किंवा विम्याच्या अटींचा भंग करणारा फेरबदलही मालकाच्या अंगाशी येऊ शकतो. त्यामुळे फेरबदल केलेल्या एंजिनांचे योग्य क्षेत्र म्हणजे मान्यताप्राप्त शर्यती व बंदिस्त धावपट्ट्या होत. फोक्सवॅगनच्या पोलो चषकासारख्या, २०१० पासून भारतात सुरू झालेल्या एकाच बनावटीच्या गाड्यांच्या शर्यतींत सर्व स्पर्धकांची एंजिने सारखीच असतात. तेथे योग्य बिंदूला दंतचक्र बदलण्याचे कसब प्रत्येक फेरीच्या वेळेवर परिणाम करते.

समारोप : फेरबदल केलेल्या टर्बोभरित एंजिनाच्या बाबतीत क्रम असा असावा : प्रथम दुबळ्या भागांचा विचार करून परिभ्रमण मर्यादा ठरवावी, मग तापलेल्या अवस्थेत शक्तिवक्र मोजावा व शेवटी प्रत्येक दंतचक्राचा बदलबिंदू काढावा. शक्ती वाढत राहते म्हणून मर्यादा वाढविणे हा उलटा क्रम होय. वाढीव शक्ती हवी असल्यास ती अधिक फेऱ्यांऐवजी मधल्या वेगांच्या परिपीडनातून मिळविणे एंजिनाच्या आयुष्याच्या दृष्टीने बहुधा श्रेयस्कर ठरते. मात्र तेथेही संयोगदांडा, क्लच व दंतचक्रपेटी यांची सहनशक्ती हीच अखेरची कसोटी असते. विद्युत् मोटारगाड्यांत बहुधा एकच गुणोत्तर वापरले जात असल्याने त्यांच्यापुरता दंतचक्र बदलाचा प्रश्न उरत नाही. अंतर्ज्वलन-एंजिनाच्या वाहनांत मात्र तो दंतचक्रपेटी असेतोवर राहणारच.